ग्राहक दौंडचा, पत्ता ॲमस्टरडॅमचा!
वेबसाइटवरची व्हीपीएनची वर्दळ दुकानदाराने ओळखावी कशी?

शिरूरच्या बाजारपेठेत तयार कुर्ते, टोप्या आणि अत्तराचे दुकान चालवणारे आमचे एक स्नेही रमजान ईदच्या आठवडाभर आधी आमच्याकडे आले ते चेहरा पाडूनच. दुकानाच्या जोडीला त्यांनी वेबसाइट सुरू केली आहे. घोडनदीचे गिऱ्हाईक दुकानात येते, पण न्हावरे, पाटस, केडगाव, यवतच्या गिऱ्हाइकाला घरबसल्या माल मागवता यावा, हा त्यामागचा हेतू. एका रात्रीत त्यांच्याकडे चाळीसेक ऑर्डरी आल्या. सगळ्या ‘माल मिळाल्यावर पैसे’ या अटीच्या. कुरियरने माल रवाना झाला आणि चार-पाच दिवसांत बहुतेक पुडकी परत आली. कुठे पत्ताच खोटा, कुठे माणूस खरा पण त्याने काही मागवलेलेच नाही. जाण्याचे आणि परत येण्याचे भाडे दुकानदाराच्या माथी बसले, आणि ईदचा माल ऐन हंगामात टेम्पोतून फिरत राहिला तो तोटा वेगळाच.

त्यांची वेबसाइट सांभाळणाऱ्या तरुणाने नोंदी पाहिल्या, ‘हे सगळे व्हीपीएनवरून आले आहेत’ असे सांगितले आणि त्याच दुपारी एक नियम बसवून टाकला. परदेशी किंवा व्हीपीएनचा पत्ता दिसला की ऑर्डर आपोआप रद्द! या नियमात सर्वांत आधी सापडला तो कोण? दुबईत नोकरी करणारा दौंडचा एक मुलगा. त्याने आई-वडिलांसाठी ईदचे कपडे मागवले होते, पैसेही आगाऊ भरले होते. ऑर्डर रद्द झाल्यावर त्याचा फोन आला, ‘चाचा, पैसे घेतले आणि कपडे नाही म्हणता, हे काय?’ आमच्या स्नेह्यांना उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. शिरूर-दौंड भागातील अनेक होतकरू तरुण आता गूळ, मसाले, कपडे, गाड्यांचे सुटे भाग वेबसाइटवर विकू लागले आहेत. तेव्हा व्हीपीएन म्हणजे काय, ते आपल्या वेबसाइटवर कसे ओळखू येते आणि कुठे ओळखू येत नाही, हे जरा सविस्तर सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

पाटी बदललेली गाडी

दौंडच्या वाचकांना हे लवकर समजेल. पुणे स्टेशनच्या फलाटावर दौंडकडून एक गाडी आली. ती सोलापूरकडून आली की मनमाडकडून, हे नुसत्या डब्यांकडे पाहून सांगता येत नाही. डब्यावरची पाटी वाचावी लागते. आता कोणी दौंड जंक्शनवर जुनी पाटी काढून ‘दौंड ते पुणे’ अशी नवी पाटी लावली, तर पुण्याच्या माणसाला गाडी दौंडचीच वाटणार. व्हीपीएन नेमके हेच करते. ग्राहकाच्या फोनपासून व्हीपीएन कंपनीच्या संगणकापर्यंत एक बंद नळी तयार होते. सगळी मागणी त्या नळीतून जाते, तिथे बाहेर पडते आणि पुढे त्या कंपनीच्या पत्त्याने आपल्या वेबसाइटवर येते. आपल्याला दिसते ती शेवटची पाटी. हा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस.

ही युक्ती चोरट्यांनी काढलेली नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कचेरीबाहेर असलेल्या नोकरमाणसाला कचेरीचा संगणक सुरक्षितपणे वापरता यावा म्हणून ती निघाली. जुलै १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यासंबंधीच्या एका सुरुवातीच्या तांत्रिक मसुद्यावर मायक्रोसॉफ्टमधील गुरदीप सिंग पाल यांचेही नाव आहे.

येथे एक गैरसमज दूर करू. व्हीपीएन ओळखण्याची माहिती शोधू लागले की ओपनव्हीपीएनचे ११९४ क्रमांकाचे पोर्ट, वायरगार्डचे ५१८२०, आयपीसेकची ५०० आणि ४५०० ही पोर्टे पाहा, असा सल्ला मिळतो. हा सल्ला कारखान्याच्या किंवा कॉलेजच्या आतील नेटवर्क सांभाळणाऱ्यासाठी ठीक आहे, कारण नळी त्याच्या दारातून जाते. वेबसाइटच्या मालकाला त्याचा काही उपयोग नाही. नळी व्हीपीएन कंपनीच्या संगणकावर संपते. तिथून पुढे आपल्याकडे येते ती इतर कोणत्याही ग्राहकासारखी ४४३ क्रमांकाच्या पोर्टावरची साधी मागणी. ज्या खुणा आपल्या दारात येतच नाहीत, त्या शोधण्यात रात्र घालवू नये.

पत्ता कोणाच्या नावावर?

वेबसाइटचा सर्व्हर प्रत्येक भेटीची एक ओळ लिहून ठेवतो. त्यात आयपी पत्ता, तारीख-वेळ, कोणते पान मागितले आणि कोणत्या ब्राउझरने मागितले एवढे असते. या वहीला लॉग म्हणतात. आमच्या स्नेह्यांना त्यांच्याकडे अशी वही आहे हेच ठाऊक नव्हते.

पहिली चौकशी करायची ती त्या पत्त्याच्या मालकाची. आयपी पत्ते जमिनीच्या सर्व्हे नंबरसारखे गटाने वाटलेले असतात. आशिया-पॅसिफिक विभागात हे काम एपनिक ही संस्था करते, भारतात आयआरआयएनएन. ‘हूइज’ नावाच्या चौकशीत पत्ता टाकला की सातबारा काढल्यासारखे मालकाचे नाव समोर येते, आणि त्या नेटवर्कचा एएस क्रमांकही. बीएसएनएलचा ९८२९, जिओचा ५५८३६, एअरटेलच्या ब्रॉडबँडचा २४५६०. हे क्रमांक दिसले तर समोर बहुधा घरातला किंवा मोबाइलवरचा माणूस आहे. पण १६५०९ म्हणजे ॲमेझॉन, १४०६१ म्हणजे डिजिटलओशन, १६२७६ म्हणजे ओव्हीएच, ९००९ म्हणजे एम-२४७. ही घरे नव्हेत, ही संगणकांची गोदामे होत. तिथे कोणी पलंगावर बसून कुर्ता पसंत करीत नाही. गोदामाच्या पत्त्यावरून कपड्याची ऑर्डर आली, तर ती एक तर एखाद्या यंत्राने केलेली असते किंवा व्हीपीएनमधून आलेली. बहुतेक व्हीपीएन कंपन्या अशाच गोदामांत जागा भाड्याने घेतात, म्हणून ही खूण सर्वांत भरवशाची आहे.

तयार याद्याही मिळतात. मॅक्समाइंड, आयपी-टू-लोकेशन यांसारख्या कंपन्या हा पत्ता कुठला, गोदामाचा की घरचा, व्हीपीएनचा आहे का, ही माहिती पैसे घेऊन पुरवतात. टॉर या जाळ्याचे बाहेर पडण्याचे पत्ते टॉर प्रकल्प स्वतःच जाहीर करतो. ॲपलनेही २०२१ मध्ये आणलेल्या आपल्या ‘प्रायव्हेट रिले’ या सोयीच्या पत्त्यांची यादी उघडी ठेवली आहे. आयफोनवाल्या ग्राहकाने ती सोय सुरू ठेवली असेल तर तो आपल्याला लपलेला दिसतो, पण त्याच्या मनात काही काळे असते असे नाही. या याद्या शिळ्या होतात, हे मात्र ध्यानात असू द्यावे. आज व्हीपीएनकडे असलेला पत्ता उद्या दुसऱ्या कोणाकडे जातो.

‘भारतातला पत्ता म्हणजे भारतातला माणूस’ हेही आता खरे नाही. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएनने तर भारतीय आयपी पत्ते ठेवले, पण त्यामागचे संगणक सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये बसवले. म्हणजे चौकशीत ‘भारत’ लिहून येते आणि यंत्र असते सिंगापुरात! व्हीपीएन वापरणे मात्र भारतात गुन्हा नाही. याच आदेशात लॉग १८० दिवस ठेवावेत आणि संगणकावरील हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी असेही म्हटले आहे. आपल्या वेबसाइटचा होस्ट किती दिवसांचे लॉग ठेवतो हे त्याला आजच विचारून घ्यावे. काही होस्ट आठवड्याने पुसून टाकतात, मग चौकशी करायला वहीच उरत नाही.

घड्याळ काय सांगते

दुसरी खूण विसंगतीची. व्हीपीएन आयपी पत्ता बदलते, पण फोनचे घड्याळ सहसा बदलत नाही. पानावरच्या छोट्या प्रोग्रामला ब्राउझर आपला कालविभाग सांगतो. पत्ता नेदरलँड्सचा आणि घड्याळ भारताचे, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, तर मधे कोणीतरी पाटी बदलली आहे. पत्ता मुंबईचा आणि घड्याळ चार तास पुढे, तर माणूस बहुधा अमिरातीत किंवा ओमानमध्ये बसला आहे. तीन तास पुढे असेल तर सौदी, कतार, कुवेत. ब्राउझरची भाषाही अशीच बोलते. स्वीडनच्या पत्त्यावरून येणारा ब्राउझर मराठी मागतो तेव्हा तो आपल्याच भागातला असण्याचा संभव मोठा.

पण पाहा, ही खूण ‘व्हीपीएन आहे’ एवढेच सांगते. ‘चोर आहे’ असे सांगत नाही. उलट चोर घड्याळही बदलून येऊ शकतो. भोळा ग्राहकच घड्याळ बदलत नाही.

पुडक्यांच्या आकाराचीही एक खूण आहे. साध्या जोडणीत एका खेपेस जास्तीत जास्त १४६० बाइट मजकूर येतो, फायबरच्या पीपीपीओई जोडणीत १४५२, आणि वायरगार्डच्या नळीतून आलेल्यात बहुधा १३८०, कारण नळीचे वेष्टनही जागा खाते. मोबाइल कंपन्यांकडेही आकार लहान असतो, म्हणून एवढ्यावरून कोणाला दोषी धरू नये. २०१५ मध्ये वेबआरटीसी या सोयीतून खरा पत्ता बाहेर पडतो असे उघडकीस आले होते. तो मार्ग ब्राउझर आणि व्हीपीएनवाल्यांनी बराचसा बंद केला आहे, आणि ग्राहकाचा पत्ता असा चोरून काढणे दुकानदाराला शोभतही नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आता आहेच. घड्याळ आणि भाषा नोंदवत असाल तर तसे वेबसाइटवर लिहून ठेवावे.

व्हीपीएन नसताना व्हीपीएन

सर्वांत जास्त नुकसान होते ते येथे, म्हणून येथे जरा थांबू.

मोबाइल कंपन्यांकडे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४ चे पत्ते पुरेसे नाहीत. म्हणून एका पत्त्यामागे शेकडो-हजारो ग्राहक बसवले जातात. एका वाड्याला एकच दार असावे तसे. दौंडच्या बाजारातले दहा फोन आपल्याला एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकतात, आणि तो पत्ता ‘मुंबई’ किंवा आणखी कुठला दाखवला जाऊ शकतो. शिरूरचा ग्राहक मुंबईचा दिसला म्हणून तो व्हीपीएनवाला होत नाही. असा एक पत्ता बंद केला तर सगळा वाडाच बंद होतो. नव्या पद्धतीच्या आयपीव्ही-६ मध्ये प्रत्येक जोडणीला स्वतंत्र गट मिळतो, म्हणून ज्यांची वेबसाइट दोन्ही पद्धती घेते त्यांचे काम सोपे होते. मर्यादा घालताना तिथे एकेका पत्त्याला नव्हे, तर ६४ च्या गटाला घालावी.

वेबसाइटच्या पुढे संरक्षणासाठी मध्यस्थ कंपनी बसवली असेल, तर लॉगमध्ये सगळ्या ग्राहकांच्या जागी त्या मध्यस्थाचेच पत्ते दिसतात. ग्राहकाचा पत्ता तो वेगळ्या ओळीत पाठवतो. ती ओळ वाचण्याची व्यवस्था केली नाही, तर सारे जगच गोदामातून येते आहे असे वाटते. ही ओळ मध्यस्थाकडून आली तरच खरी मानावी. थेट आलेला माणूस तीत काय वाटेल ते लिहू शकतो.

रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीतला एखादा इंजिनियर जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या लॅपटॉपवरून ऑर्डर करतो, तेव्हा कंपनीच्या नियमाप्रमाणे त्याची मागणी मुख्यालयातून फिरून येऊ शकते. तो आपल्याला थेट परदेशी दिसेल.

आणि आखातातले आपले लोक. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलण्यावर निर्बंध आहेत, म्हणून घरी बोलण्यासाठी अनेक जण फोनवर व्हीपीएन ठेवतात आणि ते दिवसभर सुरूच राहते. (तेथील २०२१ च्या सायबर कायद्याप्रमाणे गुन्हा करण्यासाठी किंवा दडवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास ५ ते २० लाख दिरहम दंड आहे. तिकडे असलेल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.) दौंडचा तो मुलगा असाच सापडला होता. ईदच्या तोंडावर आखातातून येणारी ऑर्डर ही आपल्या भागातल्या दुकानदाराची सर्वांत चांगली ऑर्डर. पैसे आगाऊ, घासाघीस नाही. तीच आपण दारातून परत पाठवायची का?

गोदामांचे सगळे पत्ते सरसकट बंद करण्याचा उपाय तर कोणी करूच नये. गुगलचा शोधयंत्री गोदामातूनच येतो. तो बंद केला तर दुकान गुगलवर दिसेनासे होते. (तो खरा आहे का हे पत्त्याची उलट चौकशी करून कळते: नाव गुगलबॉटचे निघाले पाहिजे आणि त्या नावावरून पुन्हा तोच पत्ता निघाला पाहिजे.) त्याहून वाईट म्हणजे, ‘पैसे मिळाले’ हा निरोप पेमेंट कंपनीचा संगणकही अशाच गोदामातून पाठवतो. तो अडला तर ग्राहकाच्या खात्यातून पैसे जातात आणि आपल्याकडे ऑर्डर ‘प्रलंबित’ राहते. मग फोनवर शिव्या कोणी खायच्या?

मोठ्यांनी काय केले

दौंड हे रेल्वेचे गाव. तत्काळ तिकिटाचा अनुभव तिथे घरोघर आहे. सकाळी १० ला वातानुकूलित, ११ ला बाकीची, आणि मिनिटभरात ‘वेटिंग’. जून २०२५ मध्ये रेल्वे खात्यानेच सांगितले की तत्काळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न यंत्रांचे असत, आणि अडीच कोटी संशयित खाती बंद करण्यात आली. आमच्या मते लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. रेल्वेने नुसते पत्ते अडवून भागवले नाही. १ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधारने पडताळलेले खाते सक्तीचे केले. पाटी खोटी असू शकते, तेव्हा प्रवाशाचीच ओळख पाहा, असा हा मार्ग.

पत्त्यावर का विसंबू नये याचे दुसरे उदाहरण अमेरिकेतले. मे २०२४ मध्ये तेथील न्याय खात्याने ‘९११ एस-५’ नावाचे जाळे उद्ध्वस्त केले. फुकटच्या व्हीपीएन प्रोग्रामांतून लोकांच्या घरच्या संगणकांत शिरून त्यांचे पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. असे १ कोटी ९० लाखांवर पत्ते त्यात होते, जवळजवळ २०० देशांतले. ही घरे खरी, जोडण्या खऱ्या. कोणतीही यादी त्यांना व्हीपीएन म्हणणार नाही. मुरलेला ठग यातून येतो. यादीत सापडतो तो कच्चा ठग आणि भला माणूस.

मग दुकानदाराने करायचे काय

आमच्या स्नेह्यांच्या लॉगवर आम्ही त्या तरुणासोबत एक संध्याकाळ बसलो. त्या रात्रीच्या बहुतेक ऑर्डरी एकाच गोदामाच्या तीन पत्त्यांवरून आल्या होत्या. दोन ऑर्डरींमधले अंतर काही सेकंदांचे. ब्राउझरचे नाव सर्वांचे अक्षर न् अक्षर सारखे. कोणीही मालाचे चित्र उघडून पाहिले नव्हते, माप पाहिले नव्हते, थेट ऑर्डरचे पान. दुबईच्या मुलाचा पत्ताही गोदामाचाच, पण त्याने वीस मिनिटे वेबसाइट चाळली होती, कुर्त्याचे माप दोनदा बदलले होते आणि पैसे भरले होते. दोघांत व्हीपीएन सारखेच होते. फरक वागण्यात होता.

म्हणून रद्द करण्याचा नियम काढून टाकला आणि गुण देण्याची पद्धत बसवली. गोदामाचा पत्ता असेल तर दोन गुण. घड्याळ आणि पत्ता जुळत नसेल तर एक. तासाभरात त्याच पत्त्यावरून वेगवेगळ्या नावांच्या तीनहून जास्त ऑर्डरी आल्या तर तीन. नवा ग्राहक आणि पैसे माल मिळाल्यावर, तर एक. चार गुण झाले की ऑर्डर रद्द होत नाही, थांबते. ग्राहकाच्या फोनवर ओटीपी जातो. तो आला नाही तर दुकानातून फोन केला जातो किंवा आगाऊ पैसे मागितले जातात. पैसे आगाऊ आले असतील तर व्हीपीएनचा हिशेब करायचाच नाही; फक्त परदेशी कार्ड असेल तर नाव जुळते का ते पाहायचे, कारण चोरीचे कार्ड निघाल्यास बँक ती रक्कम परत मागते. आखातातल्या ग्राहकांसाठी आणखी एक सोय आहे. अमिराती, सौदी, ओमान, कतार आदी दहा देशांतले मोबाइल क्रमांक एनआरई किंवा एनआरओ खात्याला जोडून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ पासून मिळाली आहे, तेव्हा त्यांना ओटीपीच्या वेळी भारतीय क्रमांकच हवा असा हट्ट धरू नये.

ओटीपीचा खर्च पैशांत मोजण्याइतका आहे. परत आलेल्या पुडक्याचे दुहेरी भाडे त्याच्या कित्येक पट. गुण मात्र प्रत्येकाने आपल्या लॉगवरून ठरवावेत. गुळाच्या दुकानाला जे लागू ते मोबाइलच्या दुकानाला लागू होईलच असे नाही. पहिले पंधरा दिवस काही न अडवता नुसते गुण लिहून ठेवावेत आणि परत आलेल्या पुडक्यांशी ताडून पाहावेत.

दौंडच्या त्या घरी कपडे ईदच्या आदल्या दिवशी पोहोचले. कुरियरवर भरवसा न ठेवता आमचे स्नेही न्हावरे मार्गे मोटारसायकलवर स्वतःच घेऊन गेले. भाडे अर्थातच त्यांनी स्वतःच्या खात्यावर मांडले.